अवखळ पिल्लाचे संगोपन व शिक्षण

कुत्रे हा शेतकऱ्याचा फार जुना सोबती आहे. गोठ्यातील जनावरांची व खळ्यावरील धान्याची राखण करणे, रानडुकरांची चाहूल लागताच इशारा देणे, रात्रीच्या पाळीला पिकास पाणी देणाऱ्या धन्याची सोबत करणे, अशी कितीतरी कामे ते विनातक्रार करीत असते. तथापि गाय, बैल किंवा शेळी यांच्या संगोपनाविषयी शेतकरी जितका विचार करतो, त्याच्या दशांशही विचार कुत्र्याच्या संगोपनाविषयी केला जात नाही. पिल्लू आणले, उरलेल्या भाकरीचा तुकडा घातला आणि गळ्यात दोरी बांधली की आपले कर्तव्य संपले, अशी सर्वसाधारण समजूत आहे.

या समजुतीचा परिणाम ठरलेला असतो. पहिला महिना-दीड महिना पिल्लाच्या लीलांचे घरात कौतुक होते. पुढे ते चपला कुरतडू लागते, वाळत घातलेले कपडे ओढते, कोंबड्यांच्या मागे धावते, मुलांच्या पोटऱ्या धरते. मग त्याला मार बसू लागतो. सहाव्या महिन्यात त्याच्या गळ्यात कायमची साखळी पडते. आणि वर्ष उलटते न उलटते तोच ते शेजारच्या मुलाला किंवा घरच्याच माणसाला चावते. दोष मात्र कुत्र्याच्या जातीला किंवा स्वभावाला दिला जातो. वस्तुतः अवखळपणा हा दोष नसून निरोगी पिल्लाची ती शक्ती होय. पाटाचे पाणी वेळीच वळविले तर ते वाफे भिजविते, न वळविले तर तेच बांध फोडते. पिल्लाच्या शक्तीचेही तसेच आहे. तिला पहिल्या चार महिन्यांत योग्य वळण लावणे, हाच कुत्र्याच्या संगोपनाचा मुख्य भाग होय.

छत्रपती संभाजीनगर शहरातील गारखेडा भागात या विषयाची निकड विशेष जाणवते. गारखेडा हे एके काळी शेतीचे गाव होते. आज सूतगिरणी चौक, विभागीय क्रीडा संकुल आणि चहूबाजूंच्या वसाहती यांमुळे ते शहराचाच एक भाग बनले आहे. बीड बायपासच्या पलीकडे, सातारा डोंगराच्या दिशेने गेल्यास मात्र अजूनही शेते, गोठे व शेळ्यांचे कळप दृष्टीस पडतात. अशा ठिकाणी पाळलेल्या कुत्र्याला दोन्ही प्रकारची वागणूक यावी लागते. त्याने शेतावर राखण करावयाची आणि गल्लीत मुलांच्या गर्दीतून, वाहनांच्या शेजारून शांतपणे चालावयाचे. पूर्वी मोकळ्या शिवारात जो अवखळपणा खपून जात असे, तो आता दाट वस्तीत खपत नाही. शहरांच्या कडेला असलेल्या बहुतेक गावांची आज हीच स्थिती आहे.

पिल्लाची निवड

पिल्लू आणण्यापूर्वी ते कशासाठी हवे, हे ठरवावे. घराची व गोठ्याची राखण एवढाच हेतू असेल तर गावरान पिल्लू उत्तम. ते येथील हवामानाला सरावलेले असते व साध्या, पण पुरेशा आहारावर चांगले वाढते. मराठवाड्यात कारवानी या नावाने ओळखली जाणारी सडपातळ, लांब पायांची जात आहे. कान व शेपटीवर लांब केस असलेल्या प्रकाराला पश्मी म्हणतात. ही जात मुळात धावण्यासाठी जोपासलेली आहे. तिला रोज मोकळे धावावयास मिळाले नाही तर ती हमखास खोडकर बनते. ज्याच्याजवळ कुंपण घातलेली जागा व वेळ आहे, त्यानेच असे पिल्लू आणावे. पूर्वी अशा कुत्र्यांचा उपयोग सशांच्या शिकारीसाठी होत असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये ससा, काळवीट, मोर इत्यादींची शिकार हा गुन्हा आहे, हे येथे लक्षात ठेवावे. बर्फाळ प्रदेशातील दाट केसांच्या हस्कीसारख्या जाती हौसेखातर आणणे म्हणजे, जेथे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो अशा प्रदेशात, मुक्या जनावराचा छळ करणेच होय.

पिल्लू आठ आठवड्यांचे होण्यापूर्वी आईपासून तोडू नये. महिनाभराची पिल्ले आणण्याची प्रथा सर्वत्र आढळते. परंतु ती हानिकारक आहे. एका वेताची पिल्ले एकमेकांशी खेळताना चावतात. चावा जोराचा बसला की दुसरे पिल्लू केकाटते व खेळ थांबविते. आपल्या जबड्याचा जोर कितपत वापरावा, हा पहिला धडा पिल्लू असा भावंडांकडून व आईकडून शिकते. हा धडा न शिकता आलेले पिल्लू पुढे माणसाला जोराने चावते. निवड करताना डोळे स्वच्छ, पोट मऊ परंतु न फुगलेले व शेपटीखालील भाग कोरडा असलेले पिल्लू पाहावे. कोपऱ्यात दडून बसणारे व इतरांवर सतत तुटून पडणारे, अशी दोन्ही टोके टाळून, हाक मारताच कुतूहलाने जवळ येणारे पिल्लू घ्यावे.

अवखळपणाची कारणे

पिल्लू का धडपडते, हे समजले तर त्याच्यावर राग येत नाही. पहिले कारण दातांचे. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. साधारणतः चौथ्या ते सातव्या महिन्यात ते पडून त्यांच्या जागी ४२ कायमचे दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि पिल्लू जे सापडेल ते चावते. दुसरे कारण कुतूहल. माणूस नवी वस्तू हाताने चाचपतो, पिल्लू ती तोंडाने चाचपते. तिसरे कारण अपुरी झोप. लहान पिल्लाला दिवसाकाठी १८ तासांपर्यंत झोप लागते. मुलांनी दिवसभर खेळविलेले पिल्लू सायंकाळी थकते. पण थकलेल्या बालकाप्रमाणे तेही झोपी न जाता अधिकच थयथयाट करते. चौथे कारण रिकामपण. ज्या पिल्लाला दिवसभर काहीच उद्योग नाही, ते स्वतःच उद्योग शोधते आणि तो बहुधा घरधन्याच्या नुकसानीचा असतो.

यावरून उपायही स्पष्ट होतात. चावण्यासाठी जाड सुती दोरीला गाठी मारून द्यावी, किंवा ओले फडके पिळून, गार करून द्यावे. जुनी चप्पल खेळावयास कधीही देऊ नये. जुनी चप्पल व नवी चप्पल यांतील फरक पिल्लाला कळत नाही. कुरतडण्याजोग्या वस्तू उचलून ठेवणे, हे घरातील माणसांचे काम आहे. दिवसातून तीन-चार वेळा पिल्लाला शांत, सावलीच्या जागी झोपू द्यावे व त्या वेळी मुलांना त्याच्यापासून दूर ठेवावे.

आहार

दोन ते तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि त्यानंतर दोन वेळा, ठरलेल्या वेळी खाऊ घालावे. नुसती ज्वारीची भाकरी व ताक यांवर पिल्लू जगते, परंतु त्याची हाडे व स्नायू भरत नाहीत. भाकरी किंवा भातासोबत उकडलेले अंडे, शिजवलेले मांस किंवा मासळी, मऊ शिजवलेले वरण, थोडे दही व उकडलेला भोपळा किंवा गाजर द्यावे. दूध अधिक झाल्यास अनेक पिल्लांना हगवण लागते. ताजे पाणी सतत भरून ठेवावे.

घरातील कालवण पिल्लाच्या ताटलीत ओतण्याची सवय मात्र सोडली पाहिजे. कांदा व लसूण, मग ते शिजलेले असोत की कच्चे, कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतात. द्राक्षे व मनुका यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. चॉकलेट, चहा व कॉफी हीही त्याला विषासमान आहेत. शिजवलेली हाडे तुटून त्यांची टोके आतड्यात रुततात. बकरे किंवा मेंढी कापल्यानंतर उरलेली कच्ची आतडी, काळीज, फुप्फुसे कुत्र्यापुढे टाकणे तर फारच घातक होय. त्यांतील पाणगाठींमधून एका जातीचा बारीक पट्टकृमी कुत्र्याच्या आतड्यात वाढतो. त्याची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडून माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात व फुप्फुसात पाण्याच्या मोठ्या गाठी होतात. असे अवयव खोल पुरून टाकावेत.

शिक्षणाचे मूळ तत्त्व

रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांतून असे दाखवून दिले की, अन्नाच्या आधी नियमाने होणारा एखादा आवाज कुत्र्याच्या मनात अन्नाशी जोडला जातो आणि पुढे नुसत्या आवाजानेही त्याच्या तोंडाला पाणी सुटते. कुत्र्याच्या शिक्षणात या जोडणीला फार महत्त्व आहे. ज्या कृतीपाठोपाठ सुख मिळते ती कृती कुत्रे पुन्हा करते; ज्या कृतीने काहीच हाती लागत नाही ती हळूहळू सोडून देते. बक्षीस मात्र कृती होताच, एक-दोन सेकंदांच्या आत मिळाले पाहिजे. उशिरा दिलेल्या बक्षिसाचा किंवा शिक्षेचा संबंध पिल्लाला लावता येत नाही. सकाळी फाडलेल्या पोत्याबद्दल दुपारी मार खाणाऱ्या पिल्लाला एवढेच कळते की, धनी अधूनमधून विनाकारण मारतो. असे कुत्रे भित्रे बनते, आणि चावण्याच्या बहुतेक प्रकारांच्या मुळाशी भीती असते.

बक्षीस महाग असावे लागत नाही. भाकरीचा हरभऱ्याएवढा तुकडा किंवा उकडलेल्या अंड्याचा कण पुरेसा होतो. शिक्षणाची बैठक तीन ते पाच मिनिटांची असावी व ती दिवसातून तीन-चार वेळा, जेवणापूर्वी, पिल्लाला भूक असताना घ्यावी. घरातील सर्व माणसांनी एका कृतीसाठी एकच शब्द वापरावा. आजोबांनी ‘बस’, मुलाने ‘खाली’ व सुनेने ‘गप’ म्हटले तर पिल्लू गोंधळते आणि हट्टी असल्याचा आळ त्याच्यावर येतो.

आरंभीचे धडे

१. ये. पिल्लाला नावाने हाक मारून ‘ये’ म्हणावे व ते आले की दर वेळी शाबासकी द्यावी. जवळ बोलावून कधीही मारू नये. चप्पल पळविणाऱ्या पिल्लाला ‘ये’ म्हणून बोलवावयाचे व आल्यावर रट्टा द्यावयाचा, असे दोनदा झाले की ‘ये’ हा शब्द पिल्लाच्या लेखी पळून जाण्याची सूचना ठरतो. रस्त्यावर ट्रक येत असताना किंवा बिनकठड्याच्या विहिरीजवळ पिल्लू गेले असताना हाच एक शब्द त्याचा जीव वाचवितो.

२. बस. तुकडा पिल्लाच्या नाकासमोर धरून हळूच डोक्यावरून मागे न्यावा. मान वर जाताच त्याचे बूड आपोआप टेकते. टेकताच ‘बस’ म्हणून तुकडा द्यावा. अंगावर उड्या मारणाऱ्या पिल्लाला हा धडा सर्वांत उपयोगी पडतो. ते उडी मारू लागले की ओरडू नये, ढकलूही नये. पिल्लाच्या दृष्टीने तो खेळच असतो. पाठ फिरवून स्तब्ध उभे राहावे व चारही पाय जमिनीवर टेकले की लगेच लक्ष द्यावे.

३. सोड. तोंडातील वस्तू हिसकावून घेतल्यास ओढाओढी शिकविली जाते. त्याऐवजी तिच्यापेक्षा चांगला पदार्थ पुढे करून ‘सोड’ म्हणावे. उंदीर मारण्याचे विषारी आमिष किंवा विष खाऊन मेलेला उंदीर पिल्लाच्या तोंडात असेल, त्या दिवशी या धड्याचे मोल कळते. अर्थात आमिष व कीटकनाशके कुलपात ठेवणे केव्हाही श्रेयस्कर. आणि विष पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी वेष्टन सोबत घेऊन तत्काळ पशुवैद्यकाकडे जावे.

४. हात न चावणे. खेळताना दात लागताच खेळ थांबवावा, हात मागे घ्यावा व अर्धा-एक मिनिट पिल्लाकडे पाहू नये. नंतर हाताऐवजी दोरी पुढे करावी. भावंडांनी दिलेला धडाच येथे पुढे चालवावयाचा आहे. हाताने व पायाने पिल्लाला डिवचून खेळणे मुलांनी व मोठ्यांनीही टाळावे.

५. स्वच्छता. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर व खेळ संपल्यावर पिल्लाला उचलून दर वेळी एकाच जागी न्यावे व तेथे विधी होताच बक्षीस द्यावे. दोन महिन्यांचे पिल्लू दोन-तीन तासांपेक्षा अधिक वेळ लघवी धरू शकत नाही. घरात घाण केल्यास नाक त्यात घासणे ही निरर्थक क्रूरता आहे. जागा पुसून, धुऊन काढावी, म्हणजे वासाने ते पुन्हा तेथेच जाणार नाही.

जग व जनावरांची ओळख

अमेरिकेतील शास्त्रज्ञ स्कॉट व फुलर यांनी पिल्लांच्या वाढीचा अनेक वर्षे अभ्यास करून १९६५ मध्ये ग्रंथरूपाने आपले निष्कर्ष मांडले. त्यांच्या मते तिसऱ्या ते सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ ओळखी जोडण्याचा असतो. या काळात पिल्लू ज्यांना निर्भयपणे पाहते, त्यांना ते आपले मानते. जे कधी पाहिलेलेच नसते, त्याला पुढे भिते किंवा त्याच्यावर धावून जाते. धनगरांच्या वाड्यावर जन्मलेली पिल्ले मेंढ्यांच्या सहवासातच वाढतात व मोठेपणी कळपाला आपले समजतात, याचे कारण हेच होय.

यास्तव नव्या घरी आलेल्या पिल्लाला पहिल्या दोन महिन्यांत लहान मुले, म्हातारी माणसे, काठी टेकणारे, डोक्यावर भारा घेतलेले, शिरस्त्राण घातलेले दुचाकीस्वार, ट्रॅक्टर, पाण्याचा पंप, फटाक्यांचा दुरून येणारा आवाज, या सर्वांची थोडी थोडी व सुखद ओळख करून द्यावी. लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिल्लाला इतर कुत्र्यांच्या वावरण्याच्या जागी जमिनीवर सोडू नये. परंतु कडेवर किंवा टोपलीत घेऊन हिंडविण्यास हरकत नाही.

शेळ्या, वासरे व कोंबड्या यांच्याशी ओळख करून देताना पिल्लाच्या गळपट्ट्याला तीन-चार हात दोरी बांधावी. धार काढण्याच्या वेळी त्याला गोठ्यापासून एवढ्या अंतरावर बसवावे की, जनावरे दिसतील पण ते उसळी घेणार नाही. शांत बसल्याबद्दल तुकडा द्यावा. रोज अंतर थोडे कमी करावे. उसळी घेतल्यास मारू नये. अंतर वाढवून पुन्हा आरंभ करावा. दहा-पंधरा दिवसांत बहुतेक पिल्ले गोठ्यात निवांत बसू लागतात. कोंबडीमागे धावण्याची पहिली संधीच मिळू देऊ नये. पाठलागात पिल्लाला इतका आनंद मिळतो की, पहिला पाठलाग हाच त्याला न विसरता येणारा धडा ठरतो.

राखणीसाठी कुत्र्याला चिथवावे लागते, ही समजूतही चुकीची आहे. ‘छू’ म्हणून पिल्लाला येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या, भटक्या जनावरांच्या किंवा सायकलींच्या अंगावर सोडण्याचा खेळ अनेक ठिकाणी चालतो. अशाने राखण करणारे कुत्रे तयार होत नाही, तर चावरे कुत्रे तयार होते. अनोळखी माणूस येताच दोन-चार वेळा भुंकणे हे राखणीस पुरेसे आहे. त्यानंतर ‘शांत’ म्हणावे व पिल्लू थांबताच बक्षीस द्यावे. धन्याच्या शब्दावर थांबणारे कुत्रेच खरे राखणदार होय.

व्यायाम व साखळी

पिल्लाला एकदाच पुष्कळ पळविण्यापेक्षा दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे खेळवावे. साधारण एक वर्षापर्यंत हाडांची वाढ चालू असते; त्यामुळे दुचाकीमागे दोरीने बांधून पळविणे वर्ज्य समजावे. नाकाचाही व्यायाम असतो. कडब्याच्या पेंढीत किंवा जुन्या पोत्याच्या घड्यांत भाकरीचे तुकडे लपवून शोधावयास लावल्यास दहा मिनिटांत पिल्लू जितके निवते, तितके अर्धा तास धावूनही निवत नाही. एप्रिल व मे महिन्यांत सकाळी आठपूर्वी व सूर्यास्तानंतरच बाहेर न्यावे. डांबरी रस्त्यावर आपला तळहात टेकवून पाहावा. त्याला चटका बसत असेल तर पिल्लाच्या पायांनाही बसतो.

दिवसभर साखळीने बांधलेले कुत्रे तिखट होते व चांगली राखण करते, असे म्हणतात. प्रत्यक्षात साखळीमुळे त्याची भीती व चीड वाढते. पळून जाण्याची वाट बंद असल्याने, जवळ आलेल्या मुलाला चावणे एवढाच मार्ग त्याला उरतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही, नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्यास पुरेसा व्यायाम न देणे हा गुन्हा ठरविला आहे. कुंपणाच्या आत मोकळे सोडणे उत्तम. ते शक्य नसेल तर दोन खांबांमध्ये जाड तार ताणून तिच्यावर सरकणारी कडी अडकवावी व बांधण्याचा काळ थोडकाच ठेवावा. सावली व पाणी तारेच्या टप्प्यात असावे.

रात्री पिल्लाला उघड्यावर बांधू नये. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसरात बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास झाला, तेव्हा वजनाच्या मानाने सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचा आढळला. छत्रपती संभाजीनगरच्या सिडको वसाहतीतही डिसेंबर २०१९ मध्ये बिबट्या शिरला होता. उघड्यावर बांधलेले पिल्लू स्वतःचा बचाव करू शकत नाही. इतकेच नव्हे तर बिबट्याला गोठ्यापर्यंत आणते. बंद दाराची, हवेशीर जागा त्याला द्यावी.

लसीकरण व रेबीज

सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सोळा आठवड्यांपर्यंत, दर तीन-चार आठवड्यांनी डिस्टेंपर, पार्व्हो इत्यादी रोगांच्या लशी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्याव्यात. पार्व्होत उलट्या व रक्ती हगवण होऊन पिल्लू दोन-चार दिवसांत दगावू शकते. जंतांचे औषध दोन आठवड्यांच्या वयापासून सुरू करावे लागते. पुढील मात्रा वजनानुसार पशुवैद्यक ठरवितात. जनावरांचे गोचीडनाशक पिल्लाला परस्पर लावू नये.

या सर्वांहून महत्त्वाची लस रेबीजची. ती तिसऱ्या महिन्यात द्यावी, पशुवैद्यक सांगतील तेव्हा तिची पुढील मात्रा द्यावी व त्यानंतर नियमाने टोचून घ्यावी. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की, माणूस काय किंवा जनावर काय, मृत्यू जवळजवळ अटळ असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील रेबीजच्या मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून अधिक मृत्यू भारतात होतात. माणसाला होणारा हा रोग बहुतांशी कुत्र्याच्या चाव्यातूनच येतो व त्यात बालकांचे प्रमाण मोठे असते.

येथे एक गोष्ट प्रत्येक घराने ध्यानात ठेवावी. पिल्लाचा चावा हाही चावाच होय. ‘पिल्लूच आहे, खेळताना दात लागला’ असे म्हणून ओरखड्याकडे दुर्लक्ष केले जाते. परंतु लस न टोचलेल्या व रस्त्यावरून उचलून आणलेल्या पिल्लालाही रेबीज असू शकतो. दुधाच्या दातांचा बारीकसा ओरखडा जीवघेणा ठरू शकतो आणि मार बसेल या भीतीने मूल तो लपविते. म्हणून मुलांना रागावू नये. ओरखडा दाखविल्याबद्दल त्यांची पाठ थोपटावी.

चावा किंवा ओरखडा झाल्यास पुढीलप्रमाणे करावे :

१. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हा उपाय बांधावरही करता येतो व तो अत्यंत परिणामकारक आहे.

२. हळद, चुना, तिखट, तेल किंवा झाडपाला जखमेवर लावू नये. जखम घट्ट बांधू नये. मंत्र-तंत्रात वेळ दवडू नये.

३. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जावे. रक्त आले नसले व केवळ ओरखडा असला तरी डॉक्टरांना दाखवावे. रक्त आले असल्यास लशीबरोबरच जखमेत प्रतिद्रव्याचे इंजेक्शन द्यावे लागते.

४. पोटात घ्यावयाच्या चौदा इंजेक्शनांची भीती आता बाळगू नये. ती पद्धत केव्हाच मागे पडली आहे. आजची लस दंडात, चार किंवा पाच वेळा देतात. पहिल्या दिवसानंतरच्या मात्रा सांगितलेल्या तारखांना न चुकता घ्याव्यात.

५. चावणाऱ्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे; पण ते दहा दिवस वाट पाहून मग लस घेऊ असे करू नये. लस ताबडतोब सुरू करावी.

फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी जुलै १८८५ मध्ये कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला प्रथम ही लस दिली व तो मुलगा वाचला. म्हणजे या रोगावर उपाय सापडून शतकाहून अधिक काळ लोटला आहे. आज माणसे मरतात ती बहुधा उपाय नसल्यामुळे नव्हे, तर तो वेळेवर व पुरता न घेतल्यामुळे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

गावात किंवा वस्तीत पाळलेली कुत्री किती व त्यांपैकी लस टोचलेली किती, याची साधी नोंदवही ठेवावी. एखाद्या भागातील किमान ७० टक्के कुत्र्यांना लस दिल्यास रेबीजची साखळी तुटते, असे जागतिक अनुभवावरून ठरले आहे. पाश्चर यांच्या स्मृतिदिनी, २८ सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिन पाळला जातो. त्या सुमारास पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साहाय्याने लसीकरणाचे शिबिर भरवावे. कुत्र्यापासून होणाऱ्या रेबीजचे २०३० पर्यंत निर्मूलन करण्याचा कृती आराखडा केंद्र शासनाने २०२१ मध्ये याच दिवशी जाहीर केला आहे. पाळलेल्या कुत्रीचे वेत नको असल्यास वेळीच शस्त्रक्रिया करून घेण्याचा सल्ला द्यावा. नकोशी पिल्ले पोत्यात घालून दुसऱ्या वस्तीच्या वेशीवर सोडणे म्हणजे आपला धोका शेजाऱ्याच्या दारी नेऊन ठेवणे होय. महानगरपालिकेच्या हद्दीत कुत्र्याच्या नोंदणीचे नियम कोणते, याची माहितीही लोकांना द्यावी.

शाळांतून मुलांना चार गोष्टी सांगाव्यात : खात असलेल्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळ असलेल्या कुत्र्याला हात लावू नये, अनोळखी कुत्रे जवळ आल्यास पळू नये, स्तब्ध उभे राहावे, बांधलेल्या कुत्र्याच्या टप्प्यात जाऊ नये, आणि दात किंवा नख लागल्यास घरी लगेच सांगावे.

वर सांगितलेल्या कोणत्याही गोष्टीला फारसा खर्च येत नाही. दिवसातून पंधरा-वीस मिनिटे, भाकरीचे काही तुकडे, वेळेवर टोचलेली लस आणि घरातील सर्वांचे एकमत, एवढेच भांडवल त्यासाठी लागते. पहिल्या चार महिन्यांत हे भांडवल घातले, तर ज्या पिल्लाच्या धडपडीला घर कंटाळले होते, तेच पुढे दहा-बारा वर्षे गोठ्याची, शेताची व लेकरांची राखण करते. अवखळ पिल्लाला साखळी नको, काम हवे. आणि ते काम शिकविण्याची जबाबदारी त्याला घरी आणणाऱ्याची आहे.